गॅस परत भरायच्या आधी लीक शोधा
मागच्या उन्हाळ्यात सांगलीत विश्रामबागला एका आईस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर बघायला गेलो, तर दोन महिन्यांत दोनदा गॅस भरून झालेला आणि तरी कूलिंग नाही. अहो, सीलबंद सिस्टीममधला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहेच. आधी जॉइंटवर तेलकट डाग बघा, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलपण झिरपतं. इथं फिल्टर ड्रायरच्या (गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारी नळकांडी) जॉइंटखाली बोटाला चिकट लागलं, मग नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे येतच राहिले. प्रेशर टेस्टला ऑक्सिजन कधीच वापरू नका, ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो. सिस्टीम उघडली की ड्रायर नवीनच टाका, मग पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकी आत हवा कमी) खाली न्या, पंप बंद करून १० मिनिटं थांबा, रीडिंग भराभर चढलं तर लीक किंवा ओल अजून शिल्लक आहे. गॅस अंदाजानं नको, फ्रीझरच्या माहितीच्या प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजनकाट्यावरच भरा. आणि प्लेटवर आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे बाबांनो, पेट घेतो, दारं-खिडक्या उघडा, सिस्टीम पूर्ण रिकामी करून नायट्रोजन फिरवा, त्याच्या आधी ज्योत जवळसुद्धा आणू नका.