45/2 की 452? तिरकी रेघ कशी वाचावी आणि लिहावी

नागपुरात प्लॉटच्या खरेदीखतात "मौजा अमुक, ख.क्र. 45/2, प.ह.नं. तमुक" अशी ओळ असते: ख.क्र. म्हणजे खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांक, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. यातली तिरकी रेघ टायपिंगमध्ये गळली, तर पंचेचाळीस नंबरच्या खसऱ्याचा दुसरा हिस्सा थेट 452 नंबरचा खसरा होऊन बसतो. नोंदणी झाल्यावर ते लक्षात आलं, तर चूक दुरुस्ती लेख करून पुन्हा नोंदवावा लागतो. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक रेघ जुन्या कागदाशी ताडून पाहा.

नंबर तोंडी सांगताना रेघेचं नाव मोठ्यानं घ्या. जमिनीसाठी "पंचेचाळीस बटा दोन" म्हटलं की विदर्भात कुणालाही कळतं. कचेरीतल्या पत्राच्या जावक क्रमांकात तिला "ऑब्लिक" म्हणतात, वेबसाईटच्या पत्त्यात "स्लॅश". उलटी झुकलेली \ म्हणजे बॅकस्लॅश. ती कॉम्प्युटरच्या कामाची. खरेदीखतात किंवा अर्जात तिला जागा नाही.

मग रेघ तिथे काय करते आहे ते ओळखा. 7/12 हा अपूर्णांक नव्हे: गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद, आणि दोन्ही एका कागदावर. कोर्टाच्या केसमध्ये रेघेआधी नंबर, नंतर वर्ष. "किमी/तास" मध्ये ती "दर" सांगते. "होय/नाही" मध्ये लागू नसलेलं खोडायचं. "रु. 5,000/-" मधली रेघ आणि आडवी दांडी रकमेपुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून असते, हातानं लिहिताना ती आकड्याला चिकटवूनच काढा.

टाईप करताना खरी अडचण येते. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्डवर स्लॅशची कळ दाबली की "य" उमटतो. अशा वेळी उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरची स्लॅश वापरा, किंवा तेवढ्यापुरतं इंग्रजीवर या. एक्सेलमध्ये 7/12 लिहिलं की त्याची तारीख होते, म्हणून आधी तो रकाना "टेक्स्ट" करा, मगच भरा. विंडोजमध्ये फाईलच्या नावात स्लॅश चालतच नाही. "सातबारा" असं अक्षरी नाव द्या.

दोन एकेरी शब्दांमध्ये रेघेभोवती जागा सोडू नका. शब्दसमूह असतील तर दोन्हीकडे सोडा, जसं नागपुरातल्या या दोन वस्त्यांची नावं: जुनी शुक्रवारी / नवी शुक्रवारी.

करारनाम्यात मात्र "आणि/किंवा" टाळाच, असं माझं ठाम मत आहे. "पती आणि/किंवा पत्नी सही करतील" यावरून उद्या वाद होऊ शकतो. "दोघांपैकी कोणीही एक सही करू शकेल" असं सरळ लिहा. तारखेचंही तसंच. 03/04 आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. परदेशी पाठवायच्या कागदावर महिना अक्षरी लिहा.