हिरव्या रकान्यांच्या मधले नऊ दिवस

वेगवेगळ्या खात्यांची टार्गेट्स एका शीटवर आणायचं काम नुकतंच तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी गोव्यातल्या डिचोलीची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात सहा वर्षं हेच काम करते. पहिल्या वर्षीची चूक आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

ओकेआर, म्हणजे उद्दिष्ट आणि ते गाठल्याचं मोजता येणारे निकाल एकत्र लिहायची पद्धत, तुम्हाला माहीत असणारच. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये ती पद्धत रुजवली, गुंतवणूकदार जॉन डोर यांनी १९९९ साली ती गूगलमध्ये नेली, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. मीही ते ऐकून आले आणि प्रत्येक खात्याकडून आपापलं उद्दिष्ट लिहून घेतलं. क्यूसीने, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबने लिहिलं, तपासणी सात दिवसांत. क्यूएने, म्हणजे कागद बघून माल सोडायला मंजुरी देणाऱ्या खात्याने, रिलीज तीन दिवसांत. डिस्पॅचने गाडी दोन दिवसांत. बेरीज बारा. मी मुंबईच्या हेड ऑफिसला बारा दिवस कळवले, सेल्सने ते गिऱ्हाइकाला कबूल केले.

माल निघाला एकविसाव्या दिवशी. आणि शीटवर तिन्ही रकाने हिरवे, म्हणजे तिघांचंही उद्दिष्ट पूर्ण.

आता जरा थांबून वाचा, कारण मी नेमकी इथेच फसले. पॅकिंग चार तारखेला संपलं. सॅम्पल लॅबमध्ये पोचून त्याची नोंद झाली नऊ तारखेला, आणि क्यूसीचे सात दिवस मोजले जात होते नोंदीपासून. सोळाला रिपोर्ट आला. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे तो माल कसा बनला त्याच्या नोंदींच्या फाइलीत, दोन सह्या राहिल्या होत्या, म्हणून फाइल प्रॉडक्शनकडे परत गेली. पूर्ण होऊन क्यूएकडे आली वीसला, आणि क्यूएचे तीन दिवस मोजले जात होते पूर्ण फाइल मिळाल्यापासून. तेवीसला रिलीज, पंचवीसला गाडी. खोटं कुणीच बोललं नव्हतं. आधीचे पाच आणि नंतरचे चार, हे नऊ दिवस मात्र कुणाच्याच रकान्यात नव्हते. मी प्रत्येकाला ‘किती दिवस?’ विचारलं, ‘कधीपासून?’ हे एकालाही विचारलं नाही.

मला हे दाखवलं गोदाम सांभाळणाऱ्या पेडण्याच्या मामांनी. वहीत बोट ठेवून म्हणाले, “बाय, तुझ्या शीटार माल गेलो. म्हज्या गुदामांत तो अजून आसा.” तेव्हापासून माझं ठाम मत आहे: गुरू करायचा तर गोदामातला करा. ज्याच्यासमोर माल पडून असतो, त्याला कंपनी कुठे अडलीय ते कळतं. आणि महागड्या डॅशबोर्डच्या नादी लागू नका. आमच्याकडे पुढे तोही आला. तेच नऊ दिवस त्यात जास्त सुंदर रंगांत लपले असते.

उपाय साधा आहे, करायला जड आहे. आधीच्या खात्याचं घड्याळ थांबलं त्याच क्षणी पुढच्याचं सुरू झालं पाहिजे. सॅम्पल पॅकिंगहून लॅबला जाईपर्यंतचा वेळ कुणाचा, हे एका माणसाच्या नावावर लिहा. दोन नावं लिहू नका. मी ‘प्रॉडक्शन आणि क्यूसी संयुक्त’ असं लिहून बघितलं, तीन महिने वाया गेले. सगळ्यांच्या डोक्यावर एकच आकडा ठेवा: पॅकिंग संपल्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंत. आणि तो आकडा पगारवाढीला बांधू नका. डोरही उद्दिष्टं आणि मोबदला वेगळे ठेवायला सांगतात. बांधलात की खातेप्रमुख घड्याळ उशिरा सुरू करायच्या वाटा शोधतात. मी हे होताना बघितलंय.

घाईलाही मर्यादा आहे. सूक्ष्मजीवांच्या चाचणीत बुरशीसाठी प्लेट पाच दिवस इनक्युबेटरमध्ये राहते, ते पाच दिवस कुणाच्याही दटावणीने चार होत नाहीत. मुंबईहून फोन आला की हे शांतपणे सांगायला शिका. चवथीचंही, म्हणजे गणेशचतुर्थीचंही तसंच. तेव्हा अर्धा कारखाना गावी असतो, हे त्यांच्या कॅलेंडरवर दिसत नाही, तुम्हीच महिनाभर आधी कळवायचं.

पहिले सहा महिने खातेप्रमुख तुमच्यावर चिडतील. ‘आमच्या खात्यात नाक खुपसू नका’ हे मला तोंडावर ऐकवलंय, आणि कंपनीच्या बसमध्ये मी रडलेय. तुमची लायकी नाही असा त्याचा अर्थ काढू नका. दोन खात्यांच्या मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून ऐकावं लागतंच. चूक झाली असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये स्वतः सांगा. मी माझा बारा दिवसांचा हिशेब फळ्यावर लिहून चुकला कुठे ते दाखवलं. क्यूसीच्या मॅडम उठल्या आणि सॅम्पल आणायला आपलाच माणूस पाठवायचं त्यांनी तिथेच कबूल केलं.

आता मधले दिवस बहुतेक महिन्यांत तीनवर असतात. सह्यांचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. दर सोमवारी पॅकिंगवर जाऊन मी रेकॉर्डची पानं स्वतः उलटून बघते.