फ्लोरिडातल्या घराचा विमा: जूनच्या आधी करून ठेवायची कामं

फ्लोरिडात वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. विम्याची कामं मात्र एप्रिलमध्येच उरका. वादळाचा इशारा निघाला की विमा कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत, जुनीची रक्कमही वाढवून देत नाहीत. सरकारी पूर विमा तर घेतल्यावर लागू व्हायलाच ३० दिवस जातात. घर घेताना कर्जासोबत घेतला तर ही अट नसते.

म्हणून पहिलं काम पूर विम्याचं. वाऱ्याने छप्पर उडालं आणि तिथून पाऊस आत आला, तर घराची नेहमीची पॉलिसी ते नुकसान धरते. जमिनीवरून चढून आलेलं पाणी ती धरत नाही, मग ते समुद्राचं असो की मागच्या तळ्याचं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन हे वादळ टॅम्पा शहरापासून बरंच लांबून, समुद्रातून वर सरकलं. तरीही खाडीचं पाणी किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत घराघरांत शिरलं. ‘बँकेने मागितला नाही, म्हणजे गरज नाही’ असं आपल्या मंडळींकडून नेहमी ऐकू येतं. बँक तो फक्त जास्त धोक्याच्या पूरपट्ट्यातल्या घरांना सक्तीचा करते, आणि पाणी पट्ट्याबाहेरही येतं. सरकारी पूर विम्यात घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. सामानाचा भाग वेगळा मागून घ्या, तो आपोआप येत नाही. दागिने, चित्रं वगैरे सगळं मिळून त्यात फक्त २,५०० डॉलर धरतात. आपल्याकडचं मंगळसूत्र, पाटल्या, लग्नातले हार यांचं मूल्यांकन करून त्यांचा वेगळा विमा उतरवा.

मग पॉलिसीचं पहिलं पान काढा आणि ‘हरिकेन डिडक्टिबल’चा, म्हणजे वादळाच्या नुकसानीत आधी तुम्ही स्वतः सोसायच्या रकमेचा, आकडा शोधा. तो बहुधा टक्क्यांत असतो, आणि ते टक्के नुकसानीचे नसून घराच्या विम्याच्या रकमेचे असतात. घर ५,००,००० डॉलरला उतरवलेलं असेल, तर २ टक्के म्हणजे १०,००० आणि ५ टक्के म्हणजे २५,००० डॉलर तुमच्या खिशातून. हप्ता कमी होतो म्हणून मोठा टक्का घेणार असाल, तर तेवढी रक्कम बचत खात्यात आहे का ते आधी बघा. फ्लोरिडात हा डिडक्टिबल एका कॅलेंडर वर्षात एकदाच पूर्ण भरायचा असतो. एका वर्षात दोन वादळं येऊ शकतात: हेलीननंतर दोन आठवड्यांच्या आत, ९ ऑक्टोबरच्या रात्री, मिल्टन हे वादळ ‘सिएस्टा की’ या बेटावर धडकलं. पहिल्या वादळातलं नुकसान डिडक्टिबलपेक्षा कमी असलं तरी कंपनीला कळवा आणि पावत्या ठेवा. दुसऱ्या वेळी ती रक्कम मोजली जाते.

त्याच कागदात आणखी दोन गोष्टी बघा. छपराचे पैसे नव्याच्या किमतीने मिळणार की घसारा कापून? आणि पोहण्याच्या तलावावरची (स्विमिंग पूलवरची) जाळी धरलीय का? ती बऱ्याच पॉलिसींतून वगळलेली असते.

पाच वर्षांत घर वाऱ्यापुढे किती टिकेल याची तपासणी, म्हणजे ‘विंड मिटिगेशन’, झाली नसेल तर करून घ्या. तपासनीस पोटमाळ्यावर चढून छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकल्यात की लोखंडी पट्टीने बांधल्यात ते बघतो, फोटो काढतो. पट्टी कैचीवरून वळवून दोन्ही बाजूंना ठोकलेली असेल, तर हप्त्यात चांगली सूट मिळते. माळ्याच्या झडपेखालचं सामान आधीच हलवून ठेवा, छपराचं आणि शटरचं परमिटही हाताशी असू द्या.

घराचा व्हिडिओ करताना कपाटं, ड्रॉवर उघडून दाखवा. फ्रिजच्या आतल्या बाजूच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर जवळून टिपा. व्हिडिओ क्लाउडवर चढवा आणि एक प्रत भारतातल्या भावाबहिणीकडे पाठवून द्या.

वादळ गेल्यावर गळत्या छपरावर ताडपत्री टाका, पावती ठेवा. भिजलेला गालिचा फेकण्याआधी फोटो काढा आणि हातभर तुकडा कापून ठेवा, ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा विमा कंपनीचा माणूस, तो मागतो. घराच्या पॉलिसीचा क्लेम एका वर्षाच्या आत कळवावा लागतो, पूर विम्यात नुकसानीचा सही केलेला हिशोब ६० दिवसांत द्यावा लागतो. दारात छप्परवाला येऊन ‘इथे सही करा, विम्याचं आम्ही बघतो’ म्हणाला तर सही करू नका. १ जानेवारी २०२३ पासूनच्या पॉलिसींवर विम्याचे हक्क असे दुसऱ्याला लिहून देता येत नाहीत. त्याचं कार्ड घ्या आणि आधी कंपनीला फोन करा.