फेसबुकवर वाट चुकणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत घेतलेला फोन दुकानदाराने कन्नडमध्ये सुरू करून दिला असेल, तर फेसबुकही बहुधा तीच भाषा उचलते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना बोललेले कन्नड समजत असले, तरी त्या लिपीतला मेनू वाचताना त्यांची पंचाईत होते. म्हणून इतर खटपटी करण्यापूर्वी भाषा बदलून घ्यावी.

आडव्या तीन रेघांचे चिन्ह अँड्रॉइडवर बहुधा वर उजव्या कोपऱ्यात, तर आयफोनवर खाली उजवीकडे असते. ते दाबून दातेरी चाकाच्या चिन्हाची सेटिंग्ज उघडावी आणि तेथे भाषेची ओळ शोधावी. ओळी वाचता येत नसतील, तर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समधून त्याचे मराठी भाषांतर पाहावे. एकदा भाषांची यादी उघडली की काम सोपे होते, कारण तेथे प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असते. (फेसबुकच्या मराठी मेनूतले काही शब्द इतके जड आहेत की त्यापेक्षा इंग्रजी बरे वाटावे, पण निदान अक्षर तरी ओळखीचे असते.)

दुसरी नेहमीची तक्रार अशी की सकाळी पाहिलेली पोस्ट दुपारी सापडत नाही, किंवा गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीची सूचना बैठक उरकल्यावर समोर येते. मुख्य पानावरच्या पोस्ट वेळेच्या क्रमाने लागत नाहीत. आपल्याला काय आवडेल याचा अंदाज बांधून यंत्रणा त्या मांडते आणि पान ताजे केले की मांडणीही बदलते. यावर उपाय म्हणून तीन रेघांच्या मेनूतला 'फीड्स' हा विभाग वापरावा. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या या विभागात मित्र, ग्रुप आणि पेज यांच्या पोस्ट नव्याकडून जुन्याकडे अशा क्रमाने दिसतात. माझ्या मते रोज प्रथम हेच पान उघडावे. पुन्हा लागेल अशी पोस्ट दिसताच तिच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'सेव्ह' करावी. ती मेनूतल्या 'सेव्ह्ड' मध्ये मिळते. सेव्ह करायचे राहून गेले, पण त्या पोस्टवर आपण प्रतिक्रिया दिली असेल, तर प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून 'अ‍ॅक्टिव्हिटी लॉग' उघडून ती शोधता येते.

मित्रयादीत नसलेल्या माणसाचा निरोप मेसेंजरच्या मुख्य यादीत न येता 'मेसेज रिक्वेस्ट' मध्ये जाऊन पडू शकतो, तेव्हा आठवड्यातून एकदा तेथेही डोकावावे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पोस्ट टाकताना. प्रोफाइल आपले स्वतःचे असते, पेज संस्थेचे किंवा दुकानाचे, आणि ग्रुप अनेकांच्या चर्चेसाठी असतो. गावच्या ग्रुपमध्ये टाकायची यात्रेची सूचना स्वतःच्या प्रोफाइलवर गेली, तर आपल्या मित्रयादीबाहेरच्या गावकऱ्यांना ती दिसेलच असे नाही. उलट घरातल्या बारशाचे फोटो ग्रुपमध्ये गेले, तर ते अनोळखी माणसेही पाहतात. म्हणून मजकूर लिहिण्यापूर्वी आपल्या नावाजवळ ग्रुपचे नाव दिसते की 'मित्र' अथवा 'सार्वजनिक', हे वाचूनच पुढे जावे. चूक झालीच, तर मजकूर कॉपी करून आधी योग्य जागी टाकावा, तेथे तो दिसतो याची खात्री करावी आणि मगच पहिली पोस्ट काढावी, कारण ती काढताच तिच्याखालच्या प्रतिक्रियाही जातात.