कॉलेजला देणगी देताय? पैसे पाठवण्याआधी या चुका टाळा

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड येतो, चार जण ‘मी पाठवले’ म्हणतात आणि उरलेले भिडेखातर पाठवून मोकळे होतात. कोड कुणाच्या खात्याचा, हे कुणी बघत नाही. मुंबईतली बहुतेक खासगी कॉलेजं एखाद्या ट्रस्टची किंवा सोसायटीची असतात: माटुंग्याचं रुईया शिक्षण प्रसारक मंडळीचं, दादरचं कीर्ती डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. माजी विद्यार्थी संघाची नोंदणी बऱ्याचदा वेगळी असते. पावती नेमकी कोणाच्या नावाने निघणार, हे आधी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर देऊ नका. तेवढं कारण पुरेसं आहे.

गरज न विचारता देणं

सर्वात जास्त पैसा इथे वाया जातो. अनुदानित कॉलेजात मंजूर पदांचे पगार सरकार देतं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, गरजू मुलांची फी यांत ओढाताण असते. विनाअनुदानित कोर्स मुळात फीवर चालतात. तिथे ‘नवीन ऑडिटोरियमसाठी’ पैसे मागितले, तर मी तरी हात आखडता घेईन. प्राचार्यांना सरळ विचारा: गेल्या वर्षी पैशाअभावी किती मुलांनी शिक्षण सोडलं? ज्यांना आकडा किंवा निदान दोन-तीन मुलांची परिस्थिती सांगता येते, त्यांच्याकडे तुमचे पंधरा हजारसुद्धा कामी येतील. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या मुलाला लोकलचा पास आणि परीक्षा फी वेळेवर मिळणं ही मोठी मदत असते.

देणगी कशासाठी, हे पत्रात लिहून द्या आणि पोच घ्या. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी दिले आणि आईच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी दोन लाख निराळे. नाव लावायची हौस असू द्या की, पण पुस्तकांचे पैसे त्यात जाऊ नयेत.

आजोबांच्या नावाचं बक्षीस

ठेव ठेवायची आणि व्याजातून दरवर्षी बक्षीस द्यायचं, ही आपली आवडती पद्धत. दहा हजारांच्या ठेवीवर 12 टक्के व्याज मिळायचं तेव्हा 1,200 रुपये यायचे. साडेसहा टक्क्यांनी 650 येतात. त्यात पदकही धड होत नाही. ठेव लहान असेल तर मुद्दलासकट पाच वर्षांत खर्च करायला सांगा.

करसवलतीचा हिशेब चुकणं

नव्या करप्रणालीत देणगीवरची 80जी कलमाची वजावट मिळत नाही. जुनी निवडली असेल तरी 2,000 रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूपातली देणगी (जुने संगणक, पुस्तकं) धरली जात नाही. बहुतेक ट्रस्टना दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नानुसार मर्यादा असते. नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे देणगीदारांची यादी भरली तरच वजावटीसाठी लागणारं 10बीई प्रमाणपत्र निघतं. जूनपर्यंत ते आलं नाही, तर कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला ईमेल करा. बहुतेक वेळा पॅन चुकीचा लिहिलेला असतो.

प्रवेशाच्या वेळी मागितलेले पैसे

सीटसाठी मागितलेली रक्कम पावतीवर ‘देणगी’ म्हणून आली तरी ती कॅपिटेशन फीच. महाराष्ट्रात 1987च्या कायद्याने तिला बंदी आहे. घासाघीस करत बसू नका, तक्रार करा.

अमेरिकेतल्या मुलाकडून पाठवणं

मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ठरतात. मग संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा परवानगी लागते आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जमा व्हावी लागते. कॉलेजच्या नेहमीच्या खात्यात परस्पर पाठवली, तर कारवाई संस्थेवर होऊ शकते.