विद्युतचुंबकीय खनिज सर्वेक्षणाला निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी शोध कशाचा आहे हे निश्चित करावे, कारण तारेच्या वेटोळ्यातील प्रवाहाने जमिनीत प्रवाह निर्माण करून त्यांचा प्रतिसाद मोजणारी ही पद्धत खनिज ओळखत नाही, ती केवळ विद्युतवाहकता ओळखते. पायरोटाइट (लोहाचे सल्फाइड) आणि चाल्कोपायराइट (तांबे-लोहाचे सल्फाइड) यांचे सलग साठे उत्तम वाहक असतात, म्हणून ते ठळकपणे दिसतात. जस्ताचे सल्फाइड स्फॅलेराइट मात्र बहुधा कमी वाहक असते, आणि त्याच्यासोबत दुसरे वाहक सल्फाइड नसेल तर सर्वेक्षण कितीही काटेकोर केले तरी ते हाती लागत नाही. त्यामुळे परिसरातील जुन्या विंधन छिद्रांचे कोअर (छिद्रातून काढलेले खडकाचे दंडगोल) मिळत असतील तर त्यांची वाहकता मोजून घ्यावी. ग्रॅफाइटयुक्त शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक), खारे भूजल आणि चिकणमातीचा जाड थर हेदेखील वाहकच असतात. ते कोठे आहेत हे भूवैज्ञानिक नकाशावर आधीच खुणावून ठेवले नाही, तर पुढे त्यांच्यावरच विंधन करण्याची वेळ येते.

यानंतर खोलीचा हिशेब करावा. एकसंध जमिनीत विद्युतचुंबकीय लाटेचा आयाम ज्या खोलीवर पृष्ठभागावरच्या सुमारे ३७ टक्के उरतो, ती खोली मीटरमध्ये काढण्यासाठी विशिष्ट रोधाला (ओहम-मीटर) वारंवारतेने (हर्ट्झ) भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाला ५०३ ने गुणावे. १०० ओहम-मीटरच्या खडकात १,००० हर्ट्झला ही खोली सुमारे १५९ मीटर येते, तर १० ओहम-मीटरच्या मातीत तीच जेमतेम ५० मीटर राहते. वर वाहक मातीचे आच्छादन असेल तर कमी वारंवारता किंवा कालक्षेत्र पद्धत निवडावी. कालक्षेत्र पद्धतीत वेटोळ्यातील प्रवाह अचानक बंद करून जमिनीत त्यामुळे निर्माण होणाऱ्या भोवरी (गोल फिरणाऱ्या) प्रवाहांचा ऱ्हास मोजतात आणि उशिरापर्यंत टिकणारा ऱ्हास चांगल्या वाहकाकडे बोट दाखवतो.

वेटोळ्याची जागा ठरवताना घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्राथमिक क्षेत्राच्या, म्हणजे वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या, रेषा खनिजाच्या अपेक्षित पट्ट्याच्या प्रतलाला छेदून गेल्या पाहिजेत. त्या प्रतलाला समांतर राहिल्या तर पट्ट्यात प्रवाहच निर्माण होत नाही आणि मोठा साठाही नोंदीत उमटत नाही. उभ्या पट्ट्यासाठी वेटोळे बाजूला सरकवून ठेवावे. पट्ट्याच्या नतीची (उताराची) दिशा अनिश्चित असेल तर दोन वेगवेगळ्या जागांवरून मोजण्याइतका वेळ आणि तार हाताशी असावी, आणि संगणकावर प्रारूप चालवून अपेक्षित संकेत गोंगाटापेक्षा मोठा येतो का, हेही निघण्यापूर्वीच तपासावे.

वीजवाहिन्या, धातूची कुंपणे आणि नळ नकाशावर नोंदवून मोजणीच्या रेषा त्यांच्यापासून दूर आखाव्यात. जेथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे तेथे प्रेषकाची (वेटोळ्यात प्रवाह सोडणाऱ्या यंत्राची) मूळ वारंवारता २५ किंवा १२.५ हर्ट्झ ठेवल्यास सरासरी काढताना तो गोंगाट बऱ्याच अंशी रद्द होतो. परवानग्या, भारित बॅटऱ्या आणि वेळ जुळवण्यासाठीचे जीपीएस यांची खातरजमा नेहमीप्रमाणे करावी. वेटोळ्याच्या तारेचे आवरण मात्र स्वतः पूर्ण लांबीभर पाहावे, कारण तिच्यातून मोठा प्रवाह वाहतो. तसेच आकाशात वीज कडाडू लागताच काम थांबवण्याचा नियम चमूतील प्रत्येकाला आधीच सांगितलेला असावा.

पहिल्या दिवशी प्रेषक बंद ठेवून केवळ गोंगाटाची नोंद घ्यावी आणि एक बिंदू असा निवडावा की ज्यावर रोज सकाळ-संध्याकाळ मोजणी पुन्हा करता येईल.