मायक्रोड्राइव्ह आणि मेमरी कार्ड: भरवसा ठेवण्यापूर्वी काय तपासावे

जुना डिजिटल कॅमेरा किंवा जुना हँडहेल्ड (हातात मावणारा छोटा संगणक) वापरायला काढला की त्याच्या खाचेत कधीकधी मायक्रोड्राइव्ह निघतो. दिसायला तो कॉम्पॅक्टफ्लॅश या प्रकारच्या मेमरी कार्डासारखाच असतो, फक्त थोडा जाड. पण त्याच्या आत चिपऐवजी एक इंच व्यासाची, बहुधा मिनिटाला ३६०० फेरे घेणारी खरीखुरी हार्ड डिस्क असते. आयबीएमने १९९९ मध्ये तो १७० आणि ३४० एमबी क्षमतेत आणला, पुढच्याच वर्षी एक जीबीचा आला आणि आयबीएमचा हार्ड डिस्कचा व्यवसाय हिताचीकडे गेल्यानंतर ही क्षमता चार, सहा जीबीपर्यंत गेली. त्या काळात तेवढ्या क्षमतेचे, चिपवर माहिती साठवणारे फ्लॅश कार्ड फार महाग पडत असे, म्हणून अनेक छायाचित्रकारांनी हाच पर्याय स्वीकारला. आज तो वापरायचा की नाही, हे ठरवताना ‘हा भरवशाचा आहे का’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नाही. तो कशामुळे बिघडतो आणि फ्लॅश कार्ड कशामुळे बिघडते, हे आधी वेगवेगळे समजून घ्यावे लागते, कारण दोघांची दुखणी अगदी निराळी आहेत.

मायक्रोड्राइव्हमधील वाचन-लेखनाचे हेड फिरत्या तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. ड्राइव्ह बंद झाला की ते तबकडीपासून बाजूला होऊन एका उतरणीवर जाऊन विसावते. त्यामुळे खिशात किंवा डबीत बंद अवस्थेत असलेला ड्राइव्ह बराच मोठा धक्का सोसतो, पण चालू असताना बसलेला त्याहून पुष्कळ लहान धक्काही त्याला बिघडवायला पुरतो. म्हणून पहिला नियम असा, की कार्डावर लिहिणे-वाचणे चालू असल्याचे दाखवणारा कॅमेऱ्यावरचा दिवा लुकलुकत असेपर्यंत कॅमेरा टेबलावर आपटून ठेवू नये, गळ्यात लोंबकळत सोडू नये आणि खाचेचे झाकण तर मुळीच उघडू नये. प्रस्तुत लेखकाने एकदा घाईत दिवा विझण्याआधीच झाकण उघडले होते. तबकडीला काही झाले नाही, पण फाइलींची सूची अर्धवट लिहिली गेली आणि त्या दिवसाची निम्मी छायाचित्रे कॅमेऱ्याला दिसेनाशी झाली. हा दिवा पाळण्याचा नियम फ्लॅश कार्डालाही तितकाच लागू आहे.

हाताळताना ड्राइव्ह कडांना धरावा. त्याची वरची आणि खालची बाजू पातळ पत्र्याची असते, अंगठ्याने जोरात दाबल्यास आतील भागांवर ताण येऊ शकतो, आणि नवख्या माणसाचा अंगठा नेमका तिथेच पडतो. खाचेत घालताना तो सरळ आणि बेताने सरकवावा. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या जोडणीत ५० बारीक पिना असतात, त्या कॅमेऱ्याच्या बाजूला असतात, आणि त्यांतली एक जरी वाकली तरी दोष ड्राइव्हचा आहे असे वाटून माणूस नवे कार्ड विकत घेतो. एखादे कार्ड एका यंत्रात चालते आणि दुसऱ्यात चालत नाही, असे दिसल्यास आधी टॉर्चच्या उजेडात त्या पिना पाहाव्यात. जाडीचाही प्रश्न आहे. मायक्रोड्राइव्ह पाच मिलिमीटर जाडीचा, म्हणजे टाइप टू प्रकारचा असल्याने ३.३ मिलिमीटरच्या टाइप वन खाचेत तो बसत नाही. उलट टाइप वन कार्ड मात्र टाइप टू खाचेत व्यवस्थित बसते.

तबकडी फिरवायला लागणारी वीज ही दुसरी गोष्ट. ड्राइव्ह सुरू होताना तो एकदम जास्त विद्युतप्रवाह घेतो, त्यामुळे उतरलेल्या बॅटरीवर किंवा अशक्त कार्ड रीडरवर तो सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. हँडहेल्डमध्ये हा प्रकार अधिक दिसतो. ड्राइव्ह बिघडला असे म्हणण्यापूर्वी पूर्ण भरलेली बॅटरी घालून, शक्य तर वेगळ्या रीडरवर, पुन्हा पाहावे. उंचीची मर्यादाही लक्षात असावी: हवा विरळ झाली की हेडला आधार कमी पडतो, म्हणून साधारण ३००० मीटरच्या वर हा ड्राइव्ह चालवू नये. प्रवासी विमानाच्या आतील हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे तिथे चिंता नाही; डोंगरमाथ्यावर मात्र फ्लॅश कार्डच न्यावे. थंडीतून उबदार खोलीत आल्यावर ड्राइव्ह लगेच चालू न करता, आत दव साचले असल्यास ते सुकेपर्यंत थांबावे.

जुना ड्राइव्ह हाती आला की त्याची परीक्षा अशी घ्यावी. शांत खोलीत रीडरला जोडून तो कानाशी धरावा. निरोगी ड्राइव्हचा बारीक, एकसुरी सूर येतो आणि मधूनमधून हेड हलल्याची हलकी टिकटिक ऐकू येते. तीच टिकटिक ठरावीक अंतराने, एका लयीत येत राहिली आणि ड्राइव्ह संगणकावर दिसत नसेल, तर तो जवळजवळ संपला आहे, असे समजावे. आवाज ठीक असेल तर त्यातील माहिती दुसरीकडे घेऊन तो फॉरमॅट करावा आणि काठोकाठ भरून सगळे परत वाचून पाहावे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधने हेच काम करतात. त्वरित फॉरमॅट यशस्वी झाला म्हणजे ड्राइव्ह चांगला, हा समज सोडून द्यावा, कारण त्यात फक्त सूची नव्याने लिहिली जाते, बाकीच्या जागेला हातही लागत नाही. शेवटचा फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच करावा. कॅमेरा फारच जुना असून त्याला फॅट३२ ही डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत कळत नसेल, तर दोन जीबीच्या पुढची जागा त्याला वापरता येत नाही. हा ड्राइव्हचा दोष नव्हे. तसेच गाणी वाजवणाऱ्या छोट्या यंत्रांतून (म्युझिक प्लेअरमधून) काढलेले काही ड्राइव्ह संगणकाच्या डिस्कप्रमाणेच चालतात, कॅमेऱ्यात चालतच नाहीत. ते स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत.

फ्लॅश कार्डात हलणारा भाग नाही, त्यामुळे पडझडीची भीती जवळपास नाहीशी होते. लिहिण्याची मर्यादा असते खरी, पण छायाचित्रकाराने तिचा धसका घेऊ नये: अगदी हजार वेळाच पूर्ण लिहिता येईल असे कार्ड रोज एकदा काठोकाठ भरले, तरी अडीच वर्षांहून अधिक काळ जातो, आणि रोज एवढी छायाचित्रे काढणारे थोडेच. खरा धोका बनावट कार्डांचा आहे. त्यांच्यावर आणि संगणकाच्या पडद्यावरही मोठी क्षमता दिसते, प्रत्यक्षात आतली चिप लहान असते, आणि ती भरल्यावरची छायाचित्रे मुकाट्याने हरवतात. म्हणून नवे कार्डही वर सांगितल्याप्रमाणे काठोकाठ भरून तपासावे. दुसरे असे, की फ्लॅशमधील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि हा भार वर्षानुवर्षे हळूहळू गळतो, म्हणून कार्ड कपाटात ठेवून त्याला संग्रह मानणे चुकीचे आहे.

छायाचित्रे गेल्याचे लक्षात आले, तर त्या क्षणापासून त्या कार्डावर किंवा ड्राइव्हवर एकही नवे छायाचित्र काढू नये. पुसलेल्या फाइलींचा मजकूर बहुधा तसाच असतो, फक्त त्यांची जागा मोकळी म्हणून नोंदलेली असते. कार्डाची पूर्ण प्रत संगणकावर घेऊन त्या प्रतीवर फोटोरेकसारखे साधन चालवावे आणि सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर परत न ठेवता संगणकावरच साठवाव्यात. टिकटिक करणाऱ्या मायक्रोड्राइव्हवर हे वारंवार करून पाहू नये, कारण प्रत्येक प्रयत्नागणिक हेड तबकडीला आणखी घासू शकते. अशा ड्राइव्हवरील छायाचित्रे खरोखर मोलाची असतील, तर तो तसाच बंद ठेवून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावा, आणि तोवर कॅमेऱ्यात त्या जागी टाइप वन फ्लॅश कार्ड घालून काम चालवावे.